अनुभवाला काय दिसतं आणि काय दिसत नाही

बायकांच्या दुखण्यांवरच्या वनौषधींचा विषय निघाला, की बोलणाऱ्यांचे दोन तट पडायला वेळ लागत नाही. मग ती पाळीतली पोटदुखी असो, अंगावरून जास्त जाणं असो, पीसीओएस (हार्मोनच्या गडबडीने पाळी अनियमित होणारा बीजकोशांचा विकार) असो, बाळंतिणीला दूध कमी येणं असो, की पाळी जाताना येणाऱ्या गरम वाफा. एक तट म्हणतो, "हजारो वर्षं बायका हेच घेत आल्या, त्या सगळ्या मूर्ख होत्या का?" दुसरा म्हणतो, "झाडपाला आहे सगळा, पुरावा शून्य." पुढे पहिला दुसऱ्याला पाश्चात्त्यांचा गुलाम ठरवतो, दुसरा पहिल्याला अडाणी ठरवतो, आणि जिच्या पोटात दुखतंय ती होती तिथेच राहते. हा वाद असा चाललेला ऐकला की मला राग येतो, कारण दोन्ही बाजू एका गाठोड्यावर कौल मागत असतात. सुंठ, शतावरी, अशोकाची साल, दारुहळद ही वेगवेगळी द्रव्यं आहेत, त्यांची कामं वेगळी सांगितली जातात, आणि प्रत्येकीचा निकाल वेगळा लागू शकतो. माझं म्हणणं सरळ आहे. परंपरेचा अनुभव हा खराखुरा पुरावा आहे, पण काही ठरावीक गोष्टींचाच. लगेच आणि डोळ्यांदेखत होणारा परिणाम अनुभवाला दिसतो. हळूहळू होणारा, क्वचित होणारा किंवा औषध न घेताही झालाच असता असा परिणाम त्याला दिसत नाही, मग ती परंपरा कितीही जुनी असो.

आधी परंपरा जिथे बरोबर ठरली तिथून सुरुवात करते. राय नावाच्या धान्याच्या कणसावर काळी बुरशी धरते, तिला अरगट म्हणतात. ती पोटात गेली की गर्भाशय जोरात आकसतं, हे युरोपातल्या दायांना विद्यापीठातल्या डॉक्टरांच्या कितीतरी आधी माहीत होतं. 1582 सालच्या एका वनस्पतिग्रंथात त्याची नोंद आहे. 1808 मध्ये जॉन स्टर्न्स या अमेरिकी डॉक्टरने अडलेल्या बाळंतपणासाठी त्याची शिफारस केली आणि डॉक्टरमंडळी ते सर्रास वापरू लागली. आता पुढचं पाहा. मात्रेचा अंदाज नव्हता. कळा इतक्या जोराच्या आणि इतक्या सलग यायच्या की मुलं पोटातच दगावायची, गर्भाशय फाटायचं. 1824 मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड होसॅक यांनी लिहिलं की 'प्रसूतीची पूड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या औषधाला 'मृत्यूची पूड' म्हणायला हवं. पुढे 1935 मध्ये डडली आणि मॉयर यांनी अरगटातून एर्गोमेट्रिन वेगळं केलं. मोजून मापून, आणि मूल बाहेर आल्यानंतर दिलेलं हे द्रव्य बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवतं. त्याचंच भावंड असलेलं औषध आजही प्रसूतिगृहांत ठेवलेलं असतं. दायांचं निरीक्षण अचूक होतं. पण किती द्यायचं आणि कोणत्या क्षणी द्यायचं, हे केवळ त्या निरीक्षणातून कधीच निघालं नसतं.

याच्या शेजारी दुसरी वनस्पती ठेवते. ॲरिस्टोलोकिया. हे नाव ग्रीक आहे आणि त्याचा अर्थच 'प्रसूतीसाठी उत्तम' असा आहे. ग्रीकांच्या काळापासून युरोपात ती बाळंतिणींना दिली जात होती. तिच्या फुलाचा आकार गर्भाशयासारखा दिसतो म्हणून ती गर्भाशयाला चांगली, असाही तर्क होता. आपल्याकडे हिच्या कुळातल्या वेलीला ईश्वरी म्हणतात. म्हणजे 'हजारो वर्षांचा अनुभव' हा निकष लावला, तर हिच्याइतका भक्कम दाखला क्वचितच सापडेल. 1990 च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या एका वजन कमी करण्याच्या दवाखान्यात बायकांना चिनी वनौषधींच्या गोळ्या देण्यात आल्या. दोन वनस्पतींच्या चिनी नावांतल्या साम्यामुळे एकीच्या जागी ॲरिस्टोलोकियाची जात आली, आणि शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांतल्या 39 जणींची मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, तेव्हा 18 जणींना तिथे कर्करोग आढळला. 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या वनस्पतीपासून केलेली औषधं माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत घातली. मग दोन हजार वर्षं हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? कारण औषध दिलं जायचं बाळंतपणात आणि मूत्रपिंड झिजायचं पुढच्या काही महिन्यांत नि वर्षांत. दाईने औषध दिलं, बाळ झालं, आई घरी गेली. पुढे कधीतरी ती खंगून गेली, तर तिचं जाणं आणि ते औषध यांना जोडणारा धागा कुणाच्या हातात असणार होता? ती दाई अडाणी नव्हती, पण एका माणसाच्या आठवणीत मावेल एवढीच तिची नजर होती.

हा युक्तिवाद इथेच थांबवला तर तो अप्रामाणिक होईल, कारण समोरची सर्वांत वजनदार बाजू अजून आलेलीच नाही. बायका वनौषधींकडे का जातात? माझ्या एका मैत्रिणीचं उदाहरण देते. विशीत असताना पाळीच्या दुखण्याने ती दर महिन्याला दोन दिवस अंथरुणात गुडघे पोटाशी घेऊन पडून असायची. डॉक्टरांनी तीन मिनिटांत तिला वाटेला लावलं: "मूल झालं की थांबेल." मूल झालं, थांबलं नाही. बेचाळिसाव्या वर्षी अंगावरून खूप जायला लागलं तेव्हा ती एका वैद्यांकडे गेली. त्यांनी पाऊण तास तिचं ऐकून घेतलं. पहिली पाळी कधी आली इथपासून झोप कशी लागते इथपर्यंत सगळं विचारलं, वहीत लिहून घेतलं. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं पोट दुखतं यावर विश्वास ठेवला." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि 'पुरावा शून्य' म्हणणाऱ्यांकडेही नसावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातल्या दर दहांपैकी एका बाईला, म्हणजे सुमारे 19 कोटी बायकांना, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा दुखरा आजार) असतो आणि त्याच्या निदानाला कित्येक वर्षं लागतात. 1977 पासून 1993 पर्यंत अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मार्गदर्शक सूचनाच अशी होती, की मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावं. ज्या शास्त्राने बायकांच्या शरीराकडे इतकी वर्षं पाठ फिरवली, त्याने आता पुराव्याची मागणी कोणत्या तोंडाने करावी?

आणि आधुनिक औषधांनी काय कमी नुकसान केलंय? 1938 मध्ये प्रयोगशाळेत तयार झालेलं डाएथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, हे कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्रियांचं हार्मोन) गर्भपात टळावा म्हणून लाखो गरोदर बायकांना दिलं गेलं. 1971 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी आठ तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा अतिशय दुर्मीळ कर्करोग नोंदवला. आठपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतलं होतं. औषध आईने घेतलं आणि कर्करोग मुलीला झाला.

हा दाखला वनौषधींच्या बाजूने नेहमी दिला जातो, आणि द्यावाच. पण तो पूर्ण सांगावा. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठात सुमारे सोळाशे गरोदर बायकांवर याच औषधाची तुलनात्मक चाचणी झाली होती. निम्म्यांना डीईएस आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी, म्हणजे प्लासिबो. गर्भपात टाळण्यात डीईएसचा काहीही फायदा दिसला नाही. तरी डॉक्टर पुढची अठरा वर्षं ते लिहून देत राहिले. का? कारण त्यांचा 'अनुभव' होता! डीईएस घेतलेल्या बहुतेक बायकांना मूल झालंच होतं. न घेतलं असतं तरी झालंच असतं, हे एका डॉक्टरच्या खोलीत बसून दिसू शकत नव्हतं. म्हणजे डीईएसच्या शोकांतिकेत चाचणी खरं बोलली होती आणि अनुभवाने तिला गप्प बसवलं. माझ्या मते पुराव्याची मागणी आधुनिक वैद्यकाच्या मालकीची नाहीच. तिचा सर्वांत जास्त जाच त्याच वैद्यकाला व्हायला हवा, आणि जिथे झाला नाही तिथे बायका मेल्या.

बायकांच्या तक्रारींच्या बाबतीत ही अडचण जास्तच बिकट आहे, कारण त्यांतल्या बऱ्याच चढउताराच्या असतात. पाळी एक महिना उशिरा येते, पुढच्या महिन्यात वेळेवर. गरम वाफा काही आठवडे हैराण करतात, मग ओसरतात. माणूस औषध केव्हा घेतं? त्रास शिगेला पोहोचतो तेव्हा. आणि शिगेला पोहोचलेली गोष्ट बहुधा खालीच येते. गरम वाफांवरच्या वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनच्या 43 चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने 2013 मध्ये घेतला. त्यात नुसती प्लासिबोची गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये वाफांचं प्रमाण कुठे 1 टक्का, तर कुठे तब्बल 59 टक्के कमी झालेलं होतं. त्या बायका खोटं बोलत नव्हत्या, त्यांचा त्रास खरोखरच कमी झाला होता. अशा आजारात 'मला गुण आला' या वाक्यावरून औषधाचा गुण कसा ओळखणार? अमेरिकेत 2006 मध्ये 351 बायकांवर वर्षभराची चाचणी झाली. ब्लॅक कोहॉश ही तिथल्या मूळनिवासींकडून आलेली प्रसिद्ध मुळी, अनेक वनौषधींचं मिश्रण, तेच मिश्रण आणि जोडीला आहारात सोया, हार्मोन, आणि प्लासिबो असे पाच गट होते. हार्मोन घेणाऱ्यांचा त्रास स्पष्ट कमी झाला. वनौषधींचे तिन्ही गट प्लासिबोच्या पुढे गेले नाहीत. हार्मोनचे धोके वेगळे आहेत आणि ते तसेच उघड सांगायला हवेत, पण त्यामुळे मुळीच्या पदरात गुण पडत नाहीत.

आता 'झाडपाला' म्हणणाऱ्या तटाकडे वळते. पाळीआधीच्या त्रासासाठी व्हिटेक्स ॲग्नस-कास्टस या भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या फळांच्या अर्काची चाचणी 2001 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आली. 170 बायका, तीन पाळ्यांचा काळ. अर्क घेणाऱ्यांपैकी 52 टक्के जणींना निम्म्याहून अधिक फरक पडला, प्लासिबो घेणाऱ्यांत 24 टक्के. या फळांतली द्रव्यं मेंदूत डोपामिन या रसायनासारखं काम करून प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, कमी करतात, असा कार्यकारणभावही मांडला गेला आहे. सुंठीचंही तसंच. 2009 मधल्या एका चाचणीत 150 विद्यार्थिनींपैकी तिसरा हिस्सा मुलींना पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत सुंठीच्या 250 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून चार वेळा दिल्या, बाकीच्यांना मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन. तिन्ही गटांत सारखाच आराम पडला. या चाचणीत प्लासिबोचा गट नव्हता, हा तिचा मोठा दोष आहे, आणि एकूण पुरावा कच्चाच म्हणावा लागतो. तरीही याला 'शून्य' म्हणणं हे सरळसरळ खोटं आहे. पण लगेच दुसऱ्या बाजूलाही एक गोष्ट सांगायला हवी. आपली निर्गुंडी हीसुद्धा व्हिटेक्सच. कूळ तेच, जात वेगळी. त्या युरोपीय फळाच्या चाचणीचं श्रेय निर्गुंडीला देता येत नाही, तिची चाचणी तिनेच द्यायला हवी.

इथे वैद्यांचा एक आक्षेप येतो आणि तो फेटाळण्यासारखा नाही. ते म्हणतात, आम्ही एक मुळी एका रोगाला देतच नाही. प्रकृती पाहतो, चार-पाच द्रव्यं एकत्र करतो, पथ्य सांगतो, महिन्याने बदलतो. तुमची चाचणी एक द्रव्य सुटं काढते आणि ते चालत नाही म्हणून सगळ्या शास्त्रालाच नापास करते. चिनी वैद्यकातल्या डांग ग्वे या मुळीबद्दल नेमकं हेच झालं. 1997 मध्ये 71 बायकांवर 24 आठवड्यांची चाचणी झाली, गरम वाफांवर काहीही परिणाम नाही. चिनी वैद्य म्हणाले, ही मुळी आम्ही एकटी कधी देतो? त्यांचं बरोबर होतं. पण यातून 'आमची चाचणीच होऊ शकत नाही' हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच, की चाचणी तुमच्या पद्धतीची करा. आणि ती होते. संधिवातावर 43 रुग्णांची अशी चाचणी भारतात झाली आहे आणि 2011 मध्ये छापून आली आहे. वैद्यांनी प्रत्येक रुग्णाला तपासून त्याच्यापुरतं वेगळं औषध ठरवलं, आणि तरी रुग्णाच्या हातात पडणारं औषध खरं आहे की नकली, हे ना रुग्णाला ठाऊक होतं ना वैद्याला. संधिवाताला जमतं ते पाळीच्या त्रासाला का जमू नये?

याहून मला भावतं ते चीनमधल्या हार्बिनच्या चिनी वैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांचं काम. दारुहळदीत असतं ते बर्बेरिन पीसीओएसमध्ये गर्भधारणेला मदत करेल अशी त्यांना आशा होती. त्यांनी 644 बायकांवर चाचणी घेतली. लेट्रोझोल हे बीज तयार व्हायला मदत करणारं आधुनिक औषध घेणाऱ्यांपैकी 36 टक्के जणींना मूल झालं, बर्बेरिन घेणाऱ्यांपैकी 22 टक्के, दोन्ही घेणाऱ्यांपैकी 34 टक्के. म्हणजे बर्बेरिनने भर घातली नाही. त्यांनी निकाल जसा आला तसा 2016 मध्ये छापला. आपल्या परंपरेवर ज्याचा खरा विश्वास आहे, तो तिची परीक्षा घ्यायला घाबरत नाही. परीक्षेला घाबरणाऱ्याला बहुधा विक्रीची काळजी असते.

मग शतावरी, अशोक, लोध्र यांचं काय? यांच्याबद्दल 'चालत नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला हटकावं, कारण पुरेशी तपासणीच झालेली नाही. आणि 'सिद्ध झालंय' म्हणणाऱ्यालाही त्याच कारणासाठी हटकावं. शतावरीने दूध वाढतं का, हे पाहणारी एक चाचणी 1996 मध्ये 'इंडियन पीडियाट्रिक्स'मध्ये आली, तीत शतावरीयुक्त औषध प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. 2011 मध्ये 60 मातांवर दुसरी चाचणी झाली, तीत प्रोलॅक्टिन बरंच जास्त वाढलं. आपापल्या सोयीची चाचणी दोन्ही बाजूंना मिळते! दोनमधलं खरं कोणतं, हे मोठ्या आणि नीट केलेल्या तिसऱ्या चाचणीशिवाय सांगता येणार नाही. अशोकाची अडचण तर त्याहून आधीची आहे. सीतेचा अशोक, ज्याची साल ग्रंथांत सांगितली आहे, तो रानातून कमी होत चालला आहे. त्याच्या नावाने रस्त्याकडेच्या सरळसोट उंच झाडाची साल विकली जाते. तेही झाड लोकांच्या तोंडी अशोकच, पण त्याचं कूळ वेगळं आहे. बाजारातल्या नमुन्यांची डीएनए तपासणी झाली तेव्हा भेसळ उघड झाली. ब्लॅक कोहॉशचीही हीच गत: 36 नमुन्यांपैकी 9 भलत्याच वनस्पतीचे निघाले. ग्रंथ कितीही खरा असो, बाटलीत ग्रंथातली वनस्पतीच नसेल, तर परंपरेची साक्ष कुणाच्या बाजूने काढायची?

भेसळ नुसती निरुपयोगी असती तर एक वेळ चाललं असतं. 2011-12 मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं फार वाढलेलं सापडलं आणि माग काढला तेव्हा तो भारतातून आलेल्या आयुर्वेदिक गोळ्यांपर्यंत गेला. घेणाऱ्या होत्या गरोदर, आणि शिसं वारेतून थेट बाळापर्यंत पोहोचतं. बहुसंख्य वनौषधींत असं काही नसतं, हे मला ठाऊक आहे. पण कुठल्या डबीत आहे हे डबीकडे पाहून कळत नाही, म्हणून तपासणी हवी. 'नैसर्गिक आहे, अपाय करणार नाही' हे वाक्य तर भाषेतूनच काढून टाकावंसं वाटतं. उदासीवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यकृताला इतकं कामाला लावते, की गर्भनिरोधक गोळ्यांची रक्तातली मात्राच उतरते आणि नको असलेली गर्भधारणा होऊ शकते. हा अपाय वनस्पतीत ताकद आहे म्हणूनच होतो. जिच्यात गुण करायची शक्ती आहे, तिच्यात अवगुणाची नसेल असं कोणत्या तर्काने म्हणायचं?

आणि काही वेळा औषध पूर्ण निरुपद्रवी असतं, नुकसान करतो तो गेलेला वेळ. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर अशा साधारण दर अकरा बायकांमागे एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. लवकर सापडला तर तो बहुतेकदा शस्त्रक्रियेने बरा होतो. तिथे चार महिने चूर्ण घेत बसणं परवडत नाही.

माझ्या मैत्रिणीने सात महिने चूर्ण घेतलं. पहिल्या महिन्यात रक्तस्राव कमी झाला, दुसऱ्यातही थोडा. मग पुन्हा वाढला, पण "गुण येतोय, धीर धरा" असं सांगितलं होतं, आणि तिचं ऐकून घेणाऱ्या माणसाला सोडून ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांच्याकडे परत जाणं तिच्या जिवावर आलं होतं. एका दुपारी जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसली आणि तिला उठता येईना. नखं कागदासारखी पांढरी पडली होती. हिमोग्लोबिन 6.2 निघालं. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराखाली फायब्रॉइडची गाठ होती. दोन बाटल्या रक्त चढवलं, गाठ काढली. बरी झाल्यावर ती सोनोग्राफीचा कागद घेऊन त्याच वैद्यांकडे गेली. भांडायला नव्हे, त्यांना दाखवायला. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, आपली वही उघडून तिचं पान काढलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत ती अजूनही सुंठ घेते, आणि ते तिच्या डॉक्टरांना माहीत आहे. ते वैद्य अजूनही प्रत्येकीला पाऊण तास देतात. मात्र अंगावरून जास्त जातंय म्हणून येणारीला पहिल्या भेटीत चूर्ण देत नाहीत. आधी हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी करून यायला सांगतात.